कुणाजवळ, किती वेळ

"दोन हातांच्या आत, पंधरा मिनिटांहून जास्त. नीट आठवून सांग, घाई नाही," ती फोनवर म्हणाली.

पलीकडे वसतिगृहातल्या मुलाने एका मुलीचं नाव पुटपुटलं आणि हे तिच्या घरी कळवणार का, असं विचारलं. नाही कळवत, असं सांगून तिने नाव तक्त्यात लिहिलं.

विद्यापीठात गालगुंडांची साथ येऊन तीन आठवडे झाले होते. आरोग्य केंद्राने सूचना काढल्या होत्या. गाल सुजला की पाच दिवस वेगळ्या खोलीत राहायचं, उष्टा पेला-चमचा कुणाला द्यायचा नाही, आणि आधीच्या दोन दिवसांत कुणाजवळ किती वेळ होतो ते तासातासाने सांगायचं. हे विचारून लिहिण्याचं काम केंद्राच्या लिपिक म्हणून तिच्या गळ्यात पडलं. मुलं पाठीमागे तिला 'पंधरा मिनिटं' म्हणत. विद्यापीठात कुणाचं कुणाशी जुळलंय आणि कुणाचं फिसकटलंय, हे तिच्याइतकं कुलगुरूंनाही ठाऊक नव्हतं. तिला स्वतःच्या नवऱ्याचं तेवढं कळत नव्हतं.

नवरा तिथेच नकाशे काढायला शिकवायचा. नाकासमोर चालणारा माणूस. त्याची खोली केंद्रासमोरच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर होती. शेजारी नकाशांचं दालन, आणि त्या दालनात सहा महिन्यांपूर्वी आलेली ग्रंथपाल. तिच्या साडीची निरी कधी हलत नसे, म्हणून हिने मनातल्या मनात तिचं नाव 'टापटीप' ठेवलं होतं.

साथीच्या पहिल्या आठवड्यात खरोखरच मान वर करायला फुरसत नव्हती. काम उरकायला आठ वाजायचे. अशाच एका संध्याकाळी तिने सहज खिडकीबाहेर पाहिलं. सगळी इमारत अंधारात होती आणि दुसऱ्या मजल्यावर दोनच खिडक्या उजळलेल्या होत्या. एक ह्यांची, एक टापटीपची. मनात शंकेची पाल चुकचुकली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच.

पुढे रुग्ण कमी झाले, काम साडेपाचलाच संपू लागलं. पण तिचा पाय निघेना. ती दिवा मालवून, पुढ्यात उगाच एखादी वही उघडून खिडकीशी बसे आणि डोळ्यांत तेल घालून समोर बघे. आठला दोन्ही खिडक्या एकदमच अंधारत. एकदमच, म्हणजे बघा! मग ती मागच्या फाटकाने झपाझप निघून ह्यांच्या आधी घराचं कुलूप काढायची.

"आज पण उशीर झाला तुला?" तो आल्यावर विचारायचा.

साथ आहे ना, असं ती म्हणायची आणि उलट विचारायची, तुम्हाला का उशीर? थोडा वेळ बसलो, एवढंच तो सांगे. थोडा वेळ! तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. ताट त्याच्यापुढे आदळून ती डोकं दुखतंय म्हणून आतल्या खोलीत जायची आणि दार लोटून घ्यायची. बाहेरून एकदा "जेवलीस का गं?" असं ऐकू येई. ती दिवा मालवून टाकायची. ज्या बाईबरोबर संध्याकाळ काढली तिलाच विचारा, असं तिच्या अगदी ओठांवर यायचं.

गुरुवारी सकाळी त्याचा डावा गाल टम्म सुजला. त्याला केंद्रातल्याच वेगळ्या खोलीत हलवलं. घरच्या माणसाचा तक्ता आपण भरायचा नाही असा नियम होता, त्यामुळे ते काम केंद्रातल्या मोठ्या सिस्टरांकडे गेलं. तिला वाटलं, बरंच झालं. हा माणूस नकाशात रेघभर खोटं चालवून घेत नाही, तापात तर नाहीच नाही. आता दूध का दूध, पानी का पानी होऊन जाऊ दे. टापटीपचं नाव निघालं तर इथूनच थोरल्या बहिणीकडे जायचं आणि परत यायचं नाही, हे तिने ठरवूनच टाकलं होतं. भरलेली बॅग टेबलाखाली होती.

अर्ध्या तासाने मोठ्या सिस्टर बाहेर आल्या आणि त्यांनी तक्ता तिच्यापुढे ठेवला. तिची नजर थेट सहा ते आठच्या रकान्यावर गेली.

'स्वतःच्या खोलीत. एकटे.' दोन्ही दिवस तेच.

"आणि ती शेजारची?" तिच्या तोंडून निघून गेलं.

"कोण, ग्रंथपाल? ती साडेपाचलाच घरी पळते. तिच्या दालनाचा दिवा शिपाई आठला मजला बंद करताना मालवतो."

छातीवरचं ओझं उतरलं. स्वतःची लाजही वाटली आणि हसूही आलं. तीन आठवडे आपण उगाच जळत होतो. बॅग तिने पायाने आणखी आत सरकवली. मग ती पुढची ओळ वाचू लागली.

'आठ ते झोपेपर्यंत: घरी. एकटे.' दुसऱ्या दिवशीही तेच.

"सिस्टर, हे चुकलंय. मी घरातच होते की."

"मी दोनदा विचारलं गं. म्हणाले, तिचं डोकं दुखतं, ती आत असते. तुझं नाव कुठेच नाही, तेव्हा नियमाप्रमाणे तुला घरी थांबायला नको. उद्या कामावर ये."

तिची नजर पुन्हा वरच्या रकान्यावर गेली. मग तिने हळूच विचारलं, "मग सहा ते आठ तिथे एकटे कशाला बसतात?"

"तेही विचारलं," मोठ्या सिस्टर तक्ता फायलीत लावत म्हणाल्या. "म्हणाले, बायकोला घरी यायला आठ वाजतात, रिकाम्या घरात करमत नाही."