मंजूर व्हायच्या आत

दूध संस्थेच्या सभेत ठरावाला विरोध असेल त्याने उभं राहायचं, अशी रीत. मागच्या सभेत कडूबाई गुडघ्यांवर हात रेटत उठेपर्यंत चेअरमन सुंदरराव 'मंजूर' म्हणून मोकळे झाले होते, चहासुद्धा फिरला होता.

पोरगा गुडघ्यांच्या ऑपरेशनच्या मागे लागला. डॉक्टर म्हणाले, घाई नको, आधी मांड्यांत बळ आणा. तेव्हापासून पाण्याच्या टँकरची वाट बघताना कडूबाई संस्थेच्या ओट्यावरून हात न टेकता उठायच्या, पुन्हा बसायच्या. बरोबरच्या म्हाताऱ्या आधी पदराआड हसल्या. पण टँकर रोजच उशिरा यायचा, मग त्याही करू लागल्या.

यंदा त्याच ओट्यावर भरलेल्या सभेत ठराव आला, ऐन दुष्काळात जनावरांची चारा छावणी बंद करायचा.

"कुणाचा विरोध असंल तर..." सुंदररावांचं वाक्य पुरं व्हायच्या आत कडूबाई ताठ उभ्या.

"बसा की मावशी. गुडगे दुखतेत ना तुमचे?"

"दुखतेत की. पर आता येळेवर उठतेत."

"एकटीच्या इरोधानं काय व्हतंय," म्हणत सुंदररावांनी मान वर केली, तर ओट्यावर एकही म्हातारी बसलेली उरली नव्हती.