दोन बोटं पाणी

चाळीस वर्षं लोकांच्या घरातली गळती शोधणाऱ्या निवृत्त प्लंबरला स्वतःच्या परसातल्या पोहायच्या पुलाची गळती काही सापडेना. नातवंडं सुट्टी संपवून गेली, तरी तो रोज सकाळी जाळीने पानं काढायचा, क्लोरीन टाकायचा, फिल्टर धुवायचा. आणि रोज संध्याकाळी पाणी दोन बोटं उतरलेलं असायचं. सगळे सांधे तपासून झाले, तळाला ठिगळंही लावून झाली.

"ऊन काय कमी आहे? आटत असेल," बायको म्हणायची. "तुम्ही जेवून आडवे व्हा बघू."

पुलात पाय बुडव म्हटलं, तरी 'या वयात शोभतं का' म्हणणारी बाई ती. तिला यातलं काय कळणार, असं मनाशी म्हणत तो जेवून आडवा व्हायचा.

त्या दुपारी मात्र तो झोपला नाही. गळती आज पकडायचीच, म्हणून खिडकीचा पडदा बोटभर सरकवून बसला. थोड्या वेळाने धपकन आवाज झाला, पाणी काठावरून उसळलं आणि मधोमध बायकोचं डोकं वर आलं. ती स्वतःशीच खुदकन हसली आणि तिने पुन्हा बुडी मारली.

त्याने पडदा सारखा केला, पलंगावर आडवा झाला आणि तिला बाहेर नीट ऐकू जाईल, इतक्या जोरात घोरू लागला.