टू मिनिट्स

राकेशच्या मंडळाने लंडनमधल्या हाउन्सलोच्या हॉलमध्ये आजी-आजोबांसाठी मोबाइल शिकवायचा मोफत वर्ग काढला. पोस्टरवर मोठ्या अक्षरात 'शिका!' लिहिलं होतं. ते वाचून त्याच्या आईने, कांताबाईंनी, त्याच दिवशी नवी वही आणून ठेवली. नागपूरच्या बहिणीला कुणाची मनधरणी न करता, स्वतःच्या हाताने व्हिडिओ कॉल लावायचा, एवढीच त्यांची हौस होती.

"माझं नाव घातलंस ना रे वर्गात?"

"आई, तसं तोंडी नाव घेत नाहीत. पोस्टरवरचा क्यूआर कोड फोनने स्कॅन कर, फॉर्म ओपन होईल, तो भर आणि सबमिट कर. टू मिनिट्स!"

"अरे, पण ते येत नाही म्हणूनच तर यायचंय मला."

"मग वर्गात शिकवूच की!" म्हणत तो मीटिंगला पळालासुद्धा.

महिन्याने मंडळाची बैठक घरीच भरली. वर्गाला एकही नाव आलं नव्हतं. कांताबाई चहाचा ट्रे घेऊन आल्या, तेव्हा राकेश अहवाल वाचत होता, "आपल्या ज्येष्ठांमध्ये शिकण्याची प्रेरणाच उरलेली नाही." मंडळाच्या चारही पुरुषांनी गंभीरपणे माना हलवल्या आणि कपांकडे हात नेले.

कांताबाईंनी ट्रे मागे ओढला.

"चहा मोफतच आहे. फक्त आधी एकेकाने नऊवारी नेसून यायचं. टू मिनिट्स!"