दाढेवरची टोपी

"पोरगी घरात न्हाय. मामाकडं गेलीया, संकेश्वरला," तानीबाई दाराच्या फटीतून म्हणाली आणि तिनं आतून कडी घातली.

डॉक्टर भीमसेन भर दुपारी बेळगुंदीच्या त्या अंगणात उभेच राहिले. शेजारची गंगव्वा रताळी निवडत बसली होती. ती हळूच म्हणाली, "खोटं सांगती ती. पोरगी आतच हाय. दोन म्हयनं झालं, भाईर पडली की तोंडाला फडकं. कुणाला म्हणून तोंड दावत न्हाय."

भीमसेन पुन्हा दाराकडं वळले. तोंडाला फडकं! म्हणजे गाल सुजला असणार. कदाचित फुटलाही असेल. आणि हे कुणी केलं? आपणच.

आठ महिन्यांपूर्वी, चौऱ्याऐंशीच्या जूनमध्ये, तानीबाईची सहा वर्षांची सुला बेळगावच्या दवाखान्यात त्यांच्या खुर्चीत बसली होती. दुधाची दाढ किडलेली. पुस्तकातली रीत ठरलेली. सुई टोचून भूल द्यायची, कीड कोरायची, दाढ चारी बाजूंनी घासायची आणि वर स्टीलची टोपी बसवायची. पोरं किंचाळायची, हातपाय झाडायची, अर्धी तर खुर्चीतून पळच काढायची. म्हणून भीमसेनांनी दुसरी रीत करून बघायचं ठरवलं. सुई नाही, घासणं नाही. टोपीत दात चिकटवायचं सिमेंट भरायचं, दाढेवर ठेवायची आणि अंगठ्यानं दाबायची, बस्स. कीड आत कोंडली की उपाशी मरेल, असा त्यांचा अंदाज. अकरा पोरांना जुन्या रीतीनं टोप्या बसवल्या, आठांना नव्या रीतीनं. बघू तरी कुठली टिकते!

मोठे डॉक्टर मारुतीराव ऐकून भडकलेच. "अहो, किडीला घर बांधून दिलंत तुम्ही! आत पू झाला, मानेत उतरला, तर पोर गुदमरून मरेल. मग जबाबदार कोण?"

पुढं जुन्या रीतीच्या दोन पोरांचे गाल सुजून आले, तेव्हा मात्र मारुतीरावांनी स्वतः वही उघडून बाकीच्यांच्या नोंदी पाहिल्या. नव्या रीतीची सात पोरं ठणठणीत होती. आठवी सुला. तिचा पत्ताच नाही. सहा महिने झाल्यावर भीमसेनांनी तपासणीला बोलावणारी दोन पोस्टकार्डं टाकली. उत्तर नाही. एका शनिवारी बाजारात तानीबाई दिसली, तर बाई रताळ्यांची पाटी तिथंच टाकून गर्दीत पळाली. उगाच कोण असं पळतं? लेकराला काहीतरी बरंवाईट झालं असणार. त्या दिवसापासून भीमसेनांना अन्न गोड लागेना. शेवटी आज बस धरून ते स्वतःच आले होते.

"आक्का, दार उघडा," त्यांनी कडी वाजवली. "मी तुम्हाला काही बोलणार नाही. एकदा पोरीला बघू द्या. उशीर केलात तर ती हातची जाईल!"

 आतून एक बारीक हुंदका आला.

डॉक्टर माणसानं असं करू नये, पण भीमसेनांनी दाराला खांदा लावला. कडी जुनी, पहिल्याच धक्क्याला निसटली. आत अंधार होता. कणगीच्या आडोशाला सुला बसली होती, नाकापासून हनुवटीपर्यंत फडकं गुंडाळून. तानीबाई तिच्यापुढं हात पसरून उभी राहिली.

"हात लावू नगा तिला! पाया पडते तुमच्या!"

भीमसेनांनी तिला बाजूला सारलं, गुडघे टेकले आणि फडक्याची गाठ सोडली. गाल चाचपला. हिरडी दाबून पाहिली. सूज नव्हती. पू नव्हता. टोपी जागच्या जागी लखलखत होती. तेवढ्यात सुलानं त्यांच्या बोटाला कचकन चावा घेतला, तोही त्याच दाढेनं. चांगलाच लागला.

"अहो, हिला काहीसुद्धा झालेलं नाही!" भीमसेन ओरडलेच. त्यांना हसावं की रडावं कळेना. "मग हे फडकं कशाला? लपवताय कशाला तिला?"

तानीबाई लेकीजवळ खाली बसली.

"माझ्या धाकल्या दिराला दवाखान्यानं कुबड्या दिल्या व्हत्या, माझा अंगठा घिऊन. सा म्हयन्यांनी मानूस आला आन् घिऊन गेला. दीर अजून रांगतोय वो." तिनं लेकीला पोटाशी घट्ट धरलं. "तुमच्या वहीत बी माझा अंगठा हाय, डॉक्टरसायेब. पोरगी आता दोन्ही बाजूंनी भाकरी चावती. तेवढी टोपी काढून नेऊ नगा."