वाढत्या अंगाचा फ्रॉक

"मुलीला जरा मोकळीक द्या," असं शाळेतल्या खेळाच्या बाई म्हणाल्या होत्या. "मधल्या सुटीत बाकीची पोरं मैदान डोक्यावर घेतात, आणि ही आपली पायरीवर बसून. कधीकधी तर चक्क झोपते."

आईने तेव्हा हसून वेळ मारून नेली होती. नाटकातली पोरं दमतातच, त्यात काय एवढं. पण आज ते बोलणं कुसळासारखं टोचत होतं, कारण बिट्टी पुन्हा झोपली होती. नाट्यगृहाच्या लांबलचक बोळात, लोखंडी बाकावर, आईच्या मांडीवर डोकं टाकून. फ्रॉकवर टाचलेला नंबर एकोणीस. आत चालला होता सतरा.

आईची अर्ध्या दिवसाची रजा केव्हाच संपली होती. कचेरीतून दोनदा फोन येऊन गेला होता. एकदा वाटलं, उठावं आणि पोरीला घरी घेऊन जावं. पण तशी सोय नव्हती. या गाण्यांच्या नाटकातली चिमणी म्हणजे बिट्टीचा जीव की प्राण. गेल्या वर्षी तिनेच ती केली होती. त्यानंतर शाळेच्या एकूणएक वहीवर तिने पंख काढून ठेवले होते. यंदा नाटक पुन्हा उभं राहत होतं, आणि नियमाप्रमाणे मुलांची निवड पुन्हा पहिल्यापासून.

गाण्याची चिंता नव्हती. चिंता होती काठीची.

तिसऱ्या प्रवेशात मुख्य नट चिमणीला खांद्यावर घेऊन नाचतो, म्हणून उंचीला मर्यादा. निवडीच्या खोलीच्या दारात दोन खुंट्यांवर एक काठी आडवी ठेवलेली असायची. तिच्याखालून ताठ चालत आत जायचं. डोकं लागून काठी पडली, की संपलं. मग आवाज कोकिळेचा का असेना.

गेल्या वर्षी काठी आणि बिट्टीचं डोकं यांच्यात जेमतेम चार बोटं उरली होती. आता तर पोरगी नऊ वर्षांची. आईने सकाळी तिचा भांग चापून पाडला होता, वेणी मानेवर खाली घातली होती, केसाचा एक फुगा म्हणून वर राहू दिला नव्हता.

"अठरा!"

शेजारच्या बाकावरचा गालाला खळी पडणारा मुलगा उठला. दारापाशी गेला, थांबला आणि किंचित वाकला.

"गुडघे सरळ, महाराज," आतून दिग्दर्शकांचा आवाज आला.

काठी फरशीवर पडून घरंगळत बाकापर्यंत आली. मुलगा तोंड झाकून परतला आणि आईच्या पदरात शिरला.

"सहा महिन्यांत तिसरे बूट घेतले याला," त्याची आई बिट्टीच्या आईला म्हणाली. "पाय आहेत की वल्ही, देव जाणे. आणि तुमची बघावी तर तश्शीच! बरणीत घालून झाकण लावून ठेवता की काय हो?"

"वडिलांवर गेलीय," आई म्हणाली. "तेही कुठे ताडमाड आहेत?"

"नशीब काढलंत बाई."

"एकोणीस!"

आईने बिट्टीला हलवून उठवलं. "झोप उडव गं राणी. ताठ चाल, पण उगाच मान उंचावू नकोस. आणि श्वास सोडून जा."

"श्वासाने उंची कमी होते?"

"होते. जा."

बिट्टी चालू लागली. आईने डोळे बारीक करून डोकं आणि काठी यांच्यातल्या फटीवर नजर ठेवली. आवाज झाला नाही. पोरगी खोलीत पोचली होती आणि काठी जागच्या जागी होती. आईने अंतर डोळ्यांनीच मोजलं होतं. ती स्वतःशीच पुटपुटली, "चार बोटं. चांगली चार बोटं!"

आतून गाण्याच्या चार ओळी ऐकू आल्या. चौथीला दम तुटला, पण सूर हलला नाही. दिग्दर्शक स्वतः दारापर्यंत आले.

"आमची चिमणी सापडली बुवा. वर जाऊन कपड्याचं माप देऊन टाका."

खळीवाल्याच्या आईने तोंडभर अभिनंदन केलं. आईचा महिनाभराचा घोर उतरला होता.

जिन्यापाशी बिट्टीने हात वर केले. "उचल ना. पाय दुखतायत."

"नऊ वर्षांची घोडी झालीस!" म्हणत आईने तिला कडेवर घेतलं आणि न थांबता दोन मजले चढली.

वर कपडे शिवणाऱ्या बाई तोंडात टाचण्या धरून बसल्या होत्या. त्यांनी गेल्या वर्षीचा पंखांचा फ्रॉक काढला, बिट्टीला घातला आणि शिवण उसवायचं पातं हातात घेऊन तिच्यापुढे गुडघ्यांवर बसल्या.

"मुलांचं मी नेहमी वाढत्या अंगाचं शिवते, ताई," टाचण्यांमधून त्या बोलल्या. "खाली तीन बोटं दुमड. पुढच्या वर्षी ती उसवली की झालं काम."

फ्रॉकची कड बरोबर गुडघ्यावर आली. बाईंनी ती खाली ओढून पाहिली. बिट्टीचे खांदे सरळ केले, पुन्हा पाहिली. मग कमरेपाशी कापड चिमटीत धरलं. चिमूटभर नाही, मूठभर आलं.

"बघा, उसवायचे कष्टही वाचवले तुमचे!" आई हसून म्हणाली.

बाईंनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि टाचण्यांच्या गादीत खोचल्या. पातं खाली ठेवलं.

"बावीस वर्षं शिवतेय मी इथे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "उसवावी लागली नाही अशी ही पहिलीच दुमड, ताई."

आणि तुम्ही, हे वाचून झालं की आत जा, आपलं लेकरू भिंतीला पाठ लावून उभं करा, आणि मागच्या खुणेच्या वर आलंय ना, तेवढं बघा.