राखेखालचं तेल

काजूच्या कारखान्यात घसरून शेवंती परबच्या खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा कायद्याप्रमाणे तिथल्या भिंतीची साक्ष झाली. भिंत म्हणाली, "फरशी कोरडी होती." दावा तिथेच निकालात निघाला.

चार महिन्यांनी शेवंती कुबडी टेकत परत आली. दुसऱ्या हातात केरसुणी होती. मॅनेजर नाबर आडवे आले.

"बाई, भिंत खोटं बोलत नाही."

"बोलना नाय, सायबानू. तिच्या डोळ्यांत राख आमीच टाकली."

टरफलांचं तेल सांडलं की पाय घसरू नये म्हणून बाया त्यावर भट्टीतली राख पसरत. तेल मात्र रोज सांडत राही आणि भिंतीला दिसे ती फक्त राख.

शेवंतीने वाकून केरसुणी फिरवली. खालून काळं तेल चकाकलं.

"दाराजवळ तेल आहे," भिंत बोलू लागली. तिचा शब्द न् शब्द थेट कोर्टात नोंदला जात होता. "भट्टीजवळ तेल आहे. जिन्याखाली तेल आहे."

"राख टाका," नाबर ओरडले. "आधी राख टाका."

भट्टीपाशी उभ्या चाळीस बायांनी राखेने माखलेले हात पाठीमागे घेतले.