खुदेजाचं दप्तर

मस्कतजवळच्या माबेला भागातल्या घरात खुदेजा बॅगा भरत होती. या खेपेला कॅनडाला कायमचं जायचं होतं. आजवर रहिवासाचं कार्ड टिकवण्यापुरतं तिकडे राहायचं आणि नवऱ्याच्या नोकरीपायी मस्कतला परतायचं, यातच वर्षं गेली. कॅनडातल्या सरकारी फुकट इंग्रजी वर्गाचं तिने नाव काढलं, की नवरा, हसन, म्हणायचा, “पुढच्या खेपेला, इन्शाल्ला.” तिने मात्र दप्तरसुद्धा घेऊन ठेवलं होतं. आज ते बॅगेत गेलं. मोबाइल बघत लेक म्हणाली, “अम्मी, रूल चेंज झालाय. कार्ड मिळून सहा वर्षं झाली, की फ्री क्लास बंद. आपली तर झालीच.” हसन हसला. “तुला काय करायचंय गो इंग्रजी? पोरं आहेत ना बोलायला!” पोरं आपसांत इंग्रजीत खिदळायची, तिच्याशी बोलायची ती भूक लागल्यावरच. खुदेजाने दप्तर बाहेर काढलं. त्या जागेत भाकरीचा तवा बरोब्बर बसला.